बोजा कोणाच्या नावावर?

दिवाळीच्या आधीचा आठवडा आमच्या घरी दोघींच्या राज्याचा असतो. एक आमच्या सौभाग्यवती आणि दुसरी केरसुणी. आम्ही शाळामास्तर त्या राज्यातले वेठबिगार. यंदा माळा आवरण्याचे काम माझ्या वाट्याला आले. कल्हई गेलेली पातेली, वडिलांचा तराजू, एक मोडका पाळणा, जुन्या वह्यांचा गठ्ठा असा सरंजाम खाली उतरवता उतरवता हाताला पत्र्याचा एक डबा लागला. झाकण गंजून घट्ट बसलेले, वरचा कागद वाळवीने खाल्लेला, आणि हलवला तर आत खडे असावेत तसा आवाज. तोच खालून आई ओरडली, "हात नको लावू रे त्याले! पऱ्हाटीवर मारायचं औषध हाये ते. तुह्या बाबाच्या वक्ताचं."

आमच्या वऱ्हाडात पिकावरच्या विषाला औषधच म्हणतात. हा शब्द कोणी रूढ केला देव जाणे; ज्याने केला तो मोठा धोरणी असला पाहिजे. ते असो. वडील जाऊन बरीच वर्षे झाली आणि शेत तर त्यांच्या हयातीतच विकले गेले. घेणाऱ्याला शेत मिळाले, विहीर मिळाली, बांधावरची बाभूळही मिळाली. डबा मात्र आमच्याकडेच राहिला. आता तो टाकायचा कोठे? सौभाग्यवती म्हणाल्या, नालीत. आई म्हणाली, नालीचे पाणी शेवटी नदीलाच जाते. परसात पुरावा तर शेजाऱ्यांची कूपनलिका पंधरा हातांवर. घंटागाडीवाल्याला विचारले, तर तो बिचारा हात जोडून म्हणाला, "गुरुजी, भाजीच्या देठांत हे नाही चालणार." संध्याकाळी आमच्या आळीतले वकील पानसुपारीला आले. त्यांना सारी कथा सांगितली, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्या माळ्यावर एक लहानसे भोपाळ आहे."

त्यांनी ते थट्टेने म्हटले खरे, पण पुढचे कित्येक दिवस मी त्याच वाक्यात गुंतून पडलो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहिल्या त्या कल्पनेच्या बळावर. कायद्यात कल्पना चालत नाही. म्हणून वकिलांकडचे कागद आणि निकालपत्रे मागून आणली आणि घरात चकलीच्या भाजणीचा वास दरवळत असता मी ती वाचीत बसलो. त्यांतून जो इतिहास हाती लागला तो वाचकांपुढे ठेवतो.

भोपाळ म्हटले की आपल्याला एक रात्र आठवते. २ डिसेंबर १९८४ ची मध्यरात्र उलटली आणि युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट नावाचा वायू निघाला. सुमारे ४० टन. झोपेतली माणसे उठून धावली आणि धावता धावता पडली. सरकारी हिशेबानेच मृतांचा आकडा पाच हजारांवर गेला. लोक तो कितीतरी अधिक सांगतात. मी तेव्हा तीन-चार वर्षांचा होतो. त्या वायूपासून काय बनवीत, हे मला फार उशिरा कळले. सेविन नावाचे कीटकनाशक बनवीत, आणि ते कापसावरच्या बोंडअळीसाठीही वापरीत असत. म्हणजे ज्या पऱ्हाटीवर आमची घरे उभी राहिली, तिच्याच कामासाठी तो कारखाना उभा होता. आमच्या डब्यात तेच आहे असे मी म्हणत नाही. कागद वाळवीने खाल्ल्यावर ते सांगणार कोण?

परंतु भोपाळात एक नव्हे, दोन अनर्थ घडले. पहिला हवेतून आला आणि एका रात्रीत झाला. दुसरा जमिनीतून आला, आणि तो त्या रात्रीच्याही आधी सुरू झाला होता. १९६९ पासून कारखान्यातला टाकाऊ माल आवारातच खड्ड्यांत पुरला जाई. पुढे १९७७ च्या सुमारास कारखान्याबाहेर मोठी तळी खोदून, त्यांच्या तळाशी प्लास्टिकचे अस्तर घालून, त्यांत विषारी पाणी सोडू लागले. कल्पना अशी की सूर्य पाणी उडवून नेईल आणि गाळ तळाशी राहील. सूर्याने आपले काम केले. अस्तराने केले नाही. पुढे तेथील मातीत आणि आसपासच्या हातपंपांच्या पाण्यात पारा, क्लोरीनयुक्त द्रव्ये, कीटकनाशकांचे अंश सापडले. ज्यांना वायूने सोडले होते त्यांना पाण्याने गाठले. वायूनंतर जन्मलेली मुलेही त्यांत आली.

येथून वकिलाचे काम सुरू होते. वायूच्या खटल्यात गुन्हा साऱ्या जगाने पाहिला होता. जमिनीच्या खटल्यात मात्र वकिलाला तीन गोष्टी हुडकाव्या लागतात. हे विष नक्की कोणाचे? ते येथे पडते आहे हे त्याला ठाऊक होते काय? आणि आता ही जमीन कोणाची?

या तिसऱ्या प्रश्नापाशी मी इतिहासाचा मास्तर थबकलो. आमचे वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथला विंध्यशक्ती दुसरा याचा चौथ्या शतकातला ताम्रपट १९३९ साली उजेडात आला. वाकाटकांची ही दानपत्रे वाचताना गंमत वाटते. राजा नुसते गाव देत नाही. गावाबरोबर काय जाईल आणि काय जाणार नाही याची लांबलचक यादी देतो. राजाचे शिपाई गावात शिरणार नाहीत, बैल मागणार नाहीत, फुले आणि दूध मागणार नाहीत. मीठ खणण्याचा हक्क, गवत, कातडी, कोळसा, साऱ्यांचा उल्लेख आहे. इतकेच काय, भूमीत दडलेले धन निघाले तर तेही दान घेणाऱ्याचे. भूमीखालच्या धनाचा विचार त्या लोकांनी केला होता. भूमीखाली विष असेल हे मात्र कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आणि ते आपल्याही स्वप्नात नाही. आजचा सातबारा काढून पाहा. शेतावर सोसायटीचे कर्ज असेल तर ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढतो, आणि तो उतरल्याशिवाय शहाणा माणूस शेत घेत नाही. पण मातीत पारा आहे, हा बोजा कोणत्या रकान्यात लिहिणार?

अमेरिकेत हा प्रश्न एका शाळेने विचारला, म्हणून मला तो विसरता येत नाही. नायगारा धबधब्याशेजारी त्याच नावाचे शहर आहे. तेथे लव्ह नावाच्या गृहस्थाने अर्धवट खोदून सोडलेला एक कालवा होता. १९४२ पासून हूकर नावाच्या रसायन कंपनीने त्यात जवळजवळ २२,००० टन टाकाऊ रसायने पुरली, वर माती लोटली आणि १९५३ साली ती जागा तेथील शाळामंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात एक कलम होते : येथे रासायनिक टाकाऊ माल पुरलेला आहे आणि पुढे काही झाल्यास कंपनी जबाबदार नाही. मंडळाने ते कलम वाचले असणारच. तरीही शाळा बांधली. भोवती घरे झाली, मुले त्या मैदानावर खेळली. पावसाळ्यात तळघरांच्या भिंतींतून काळा चिकट द्रव पाझरू लागला, तेव्हा कोठे आया जाग्या झाल्या. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तेथे आणीबाणी पुकारली आणि शेकडो कुटुंबे घरे सोडून गेली. १९८० साली अमेरिकेने कायदाच केला : जमीन जुनी असो, विकलेली असो, विष ज्याने टाकले आणि ज्याच्या ताब्यात ती जागा होती, त्यांनी साफ करावे. एका डॉलरचे ते कलम त्यांना वाचवू शकले नाही.

आपल्याकडे तत्त्व यायला दुसरी एक गळती व्हावी लागली. भोपाळला वर्ष होते न होते तोच, डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू निघाला आणि तीस हजारी न्यायालयातले एक वकील त्यात दगावले. ॲड. एम. सी. मेहता यांचा त्या कारखान्याविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे होताच. जुना इंग्रजी दाखला १८६८ चा. एका गिरणीवाल्याच्या तलावाचे पाणी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले होते. त्या निकालाने गिरणीवाला जबाबदार ठरला खरा, पण दैवी आपत्ती, तिसऱ्याचे कृत्य अशा पळवाटाही ठेवल्या. सरन्यायाधीश भगवतींनी डिसेंबर १९८६ मध्ये त्या वाटा बुजवल्या. धोक्याचा धंदा करून नफा कमावणाऱ्याने अपघाताची भरपाई केलीच पाहिजे; आपण काळजी घेतली होती ही सबब चालायची नाही. निरपेक्ष दायित्व म्हणतात ते हे. दहा वर्षांनी, १९९६ साली, उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. तेथे रंगाच्या धंद्यातले एक आम्ल बनवणाऱ्या कारखान्यांनी गावच्या विहिरींचे पाणी तांबडे-काळे केले होते. नुकसान तर द्याच, पण माती आणि पाणी पूर्वीसारखे करण्याचा खर्चही तुमचाच, असे न्यायालयाने सांगितले.

हे ऐकायला किती चांगले! पण बिछडीची पुढची हकीकत वकिलांनी सांगितली तेव्हा माझ्या हातातला चहा निवून गेला. निकालानंतर कारखानदारांनी अर्जामागून अर्ज केले. पंधरा वर्षे! शेवटी जुलै २०११ मध्ये न्यायालय संतापले आणि ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये चक्रवाढ व्याजासह भरा, वर खटल्याच्या खर्चाचे १० लाख द्या, असा हुकूम झाला. चक्रवाढ व्याज आमच्या आठवीच्या मुलांना शिकवतात. विष आणि व्याज दोन्ही कसे वाढत जातात याचे याहून चांगले उदाहरण गणिताच्या मास्तरांना मिळायचे नाही.

आता भोपाळ. येथली दायित्वाची साखळी वाचताना मला माझ्या कादंबऱ्यांची लाज वाटली. इतका गुंता रचण्याची माझी छाती झाली नसती.

१९८५ साली भारत सरकारने कायदा करून साऱ्या पीडितांचे वकीलपत्र आपल्याकडे घेतले आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. तेथे विलक्षण देखावा झाला. भारत सरकार म्हणत होते, आमची न्यायालये एवढा मोठा खटला चालवण्यास असमर्थ आहेत. आणि अमेरिकन कंपनी म्हणत होती, छे छे, भारताची न्यायालये उत्तम आहेत. कंपनीच्या बाजूने तसे प्रतिज्ञापत्र देणारे होते मुंबईचे विख्यात कायदेपंडित नानी पालखीवाला. पालखीवाला जे म्हणाले ते खोटे होते असे मला वाटत नाही. पण त्या खऱ्याचा उपयोग कोणाला झाला, हेही विसरता येत नाही. मे १९८६ मध्ये न्यायाधीश कीनन यांनी दावा भारतात पाठवला. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश देव यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी ३५० कोटी रुपयांची अंतरिम मदत ठरवली. उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये सारे प्रकरण ४७ कोटी डॉलरांवर मिटले. त्या तडजोडीविरुद्ध पीडितांची बाजू मांडणाऱ्यांत मुंबईच्या ॲड. इंदिरा जयसिंग होत्या.

तडजोड झाली ती वायूची. जमिनीखालच्या विषाचा हिशेब तीत कोणी धरला नव्हता. तो पुढे ज्याला मागावा, तो माणूस मात्र हळूहळू अदृश्य होत गेला. कार्बाइडचा भारतीय कंपनीतला हिस्सा ५०.९ टक्के होता. तो तिने १९९४ साली विकला. भारतीय कंपनीचे नावही बदलले. १९९८ साली भाडेपट्ट्याची ती जमीन मध्य प्रदेश सरकारच्या हाती परत आली, विषासकट. २००१ साली कार्बाइडच डाऊ या अमेरिकन कंपनीच्या पोटात गेली. ज्याने टाकले तो विकून गेला, ज्याने विकत घेतले तो म्हणतो तेव्हा मी नव्हतोच, आणि ज्याच्या नावावर जमीन आहे ते सरकार म्हणते मी टाकले नाही. आमच्या शेताची आणि डब्याची गोष्ट ही हीच, फक्त तिला कागदपत्रे कमी.

नोव्हेंबर १९९९ मध्ये भोपाळच्या पीडितांनी पुन्हा न्यूयॉर्कचे दार ठोठावले. कनिष्ठ न्यायालयाने दावा फेकला. अपील न्यायालयाने २००१ मध्ये वायूचा भाग संपला म्हटले, पण पाणी आणि माती यांचा भाग पुन्हा ऐकायला सांगितले. आणि मग वकिली कामातली ती गोष्ट घडली जी सिनेमात दाखवीत नाहीत. अमेरिकन दाव्यात प्रतिपक्षाला आपले जुने कागद उघडे करावे लागतात. कंपनीच्या दप्तरातून खोकी भरून कागद निघाले. त्यांत १९८२ मधली एक तार होती : तळी गळत आहेत आणि ही गंभीर चिंतेची बाब आहे, अशा आशयाची. वायू सुटला त्याच्या अडीच वर्षे आधीची! १९८९ च्या एका अंतर्गत चाचणीचा कागद होता. आवारातल्या माती-पाण्याच्या नमुन्यांत सोडलेले मासे मेले होते. विहीर खणणारा जसा पाणी लागेपर्यंत दगड फोडतो तसे हे वकील कागद फोडीत होते.

पाणी लागले, पण तहान भागली नाही. मार्च २००४ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की अंगावरच्या दुखण्यांचा दावा मुदतीबाहेर गेला आहे. साफसफाईचा हुकूम मात्र, खुद्द भारत सरकारने तशी इच्छा दर्शवल्यास, विचारात घेता येईल. भोपाळच्या माणसांनी दिल्लीत उपोषण मांडले तेव्हा कोठे त्या वर्षी जूनअखेर भारत सरकारने, आमची हरकत नाही, असे पत्र दिले. तरीही पुढे न्यायालय म्हणाले की परक्या देशातल्या, परक्या सरकारच्या जमिनीवर आमचा हुकूम कसा चालवणार? त्यानंतरच्या दाव्यांत २०१६ पर्यंत हेच कायम झाले : कचऱ्याची व्यवस्था लावली ती भारतीय कंपनीने, वरची अमेरिकन कंपनी स्वतः जबाबदार ठरत नाही. इकडे जबलपूरच्या उच्च न्यायालयात भोपाळचे आलोक प्रताप सिंह यांनी २००४ साली याचिका लावली होती. तीत केंद्र सरकारच्या रसायन खात्याने २००५ मध्ये, डाऊने सफाईपोटी १०० कोटी रुपये आगाऊ भरावेत, अशी मागणी केली. ते पैसे आले नाहीत. डाऊचे म्हणणे आजतागायत एकच आहे, की हे ओझे आमचे नव्हे. आणि कोणत्याही न्यायालयाने ते तिच्या डोक्यावर ठेवलेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

न्यायालयात जे ठरले नाही ते आपल्या महाराष्ट्रात रस्त्यावर ठरू पाहत होते. पुण्याजवळ चाकणच्या बाजूला शिंदे-वासुली गावी डाऊने संशोधन केंद्र बांधायला घेतले. शेजारी भामचंद्र डोंगर, तुकोबांच्या चिंतनाची जागा. गावकरी उठले, वारकरी उठले. बंडातात्या कराडकर आणि उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती कोळसे पाटील त्यांच्या पुढे होते. २००८ साली तेथे जाळपोळही झाली. जाळपोळीचे समर्थन मी मास्तर करणार नाही. कंपनीला शेवटी ते केंद्र तेथून गुंडाळावे लागले. भोपाळचा बोजा सातबाऱ्यावर चढला नसेल, पण शिंदे-वासुलीच्या लोकांनी तो आपल्या मनाच्या रकान्यात लिहून ठेवला होता.

राहता राहिला प्रत्यक्ष कचरा. कारखान्याच्या गोदामात साडेतीनशे टनांच्या आसपास माल गोळा करून ठेवला होता : माती, भट्ट्यांतला गाळ, अर्धवट तयार झालेले कीटकनाशक. तो जाळायचा कोठे? गुजरातेत अंकलेश्वरला म्हणाले, तर गुजरात आधी हो म्हणून मग फिरले. मग नागपूरचे नाव निघाले आणि विदर्भ जागा झाला. नागपूरजवळ संरक्षण संशोधन संस्थेची भट्टी आहे. २०११ साली जबलपूरच्या उच्च न्यायालयाने कचरा तेथे न्या म्हटले. नागपूरची माणसे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली, राज्य सरकारनेही नकार दिला, आणि बेत बारगळला.

यात एक बोचणारी गोष्ट आहे. भोपाळच्या मातीचे मोजमाप केले ते नागपूरच्याच नीरी या राष्ट्रीय संस्थेने. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेसह तिने २०१० साली दिलेल्या अहवालात आकडा आहे : शुद्ध करावी लागेल अशी माती ११ लाख टन. विष मोजायला आम्ही विदर्भवासी तयार होतो, जाळून घ्यायला नव्हतो. आम्ही चुकलो असे माझ्याने म्हणवत नाही. माझ्या आळीशेजारी भट्टी असती तर मीही पहिल्या रांगेत बसलो असतो.

मग जर्मनीची एक सरकारी संस्था २०१२ मध्ये माल हॅम्बुर्गला नेऊन जाळायला तयार झाली. तिकडचे लोक खवळले, आणि त्याच वर्षी तिनेही अंग काढून घेतले. शेवटी वळसा घेऊन गाडी पोचली पिथमपूरला. इंदूरजवळच्या त्या औद्योगिक गावाचे आम्हा वाशीमकरांशी जुने नाते आहे. अकोल्यावरून खांडवा, महू, इंदूर अशी मीटरगेज गाडी आमच्या स्टेशनावरून जाई, आणि इंदुरात निम्म्या वऱ्हाडाचे नातेवाईक. माझी मावशी तेथेच राहते.

डिसेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला खडसावले, की चाळीस वर्षे झाली, चार आठवड्यांत माल हलवा. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद कंटेनर पोलिसांच्या बंदोबस्तात निघाले. ३३७ टन. अडीचशे किलोमीटरांचा तो रस्ता रिकामा करून दिला होता. पिथमपुरात ३ तारखेला कडकडीत बंद झाला, दोन जणांनी अंगावर तेल ओतून पेटवून घेतले. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना, म्हणजे डॉक्टर मंडळी, न्यायालयात गेली. मावशीने मला रात्री फोन केला. "अरे, यशवंत सागराचं पाणी आम्ही पितो ना," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिला काय सांगणार? फेब्रुवारीअखेर चाचणी सुरू झाली, आणि जूनअखेरपर्यंत ३३७ टन जळून गेले. जळून गेले म्हणजे काय, तर चुना वगैरे मिसळून आठ-नऊशे टन राख आणि अवशेष उरले. त्यांना पुरायला आणखी एक जागा लागणार, आणि तिचे भांडण वेगळे. या साऱ्याचा खर्च १२६ कोटी रुपये, केंद्र सरकारच्या म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून.

आणि जे जळले ते गोदामातले. ११ लाख टन माती होती तेथेच आहे. लखनौच्या विषविज्ञान संस्थेला ४२ वस्त्यांच्या भूजलात प्रदूषण आढळले आहे. वाढीव भरपाईसाठी केंद्राने २०१० साली सर्वोच्च न्यायालयात जो शेवटचा अर्ज केला होता, त्यात सफाईचीही रक्कम मागितली होती. पाच न्यायमूर्तींनी तो १४ मार्च २०२३ रोजी फेटाळला. तडजोड इतक्या वर्षांनी उकरता येणार नाही, असे ते म्हणाले.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. देशात अशा १०३ जागा ठरवल्या आहेत आणि त्यांपैकी अवघ्या सातांवर काम सुरू झाले होते. आता जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी द्यायची, प्रदूषण मंडळाने ठरल्या मुदतीत तपासायचे, ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च घ्यायचा. तो सापडला नाही तर सरकारने सोसायचा. वकिलांना विचारले, "सफाई संपवण्याची मुदत किती?" ते म्हणाले, "तेवढी मात्र लिहायची राहिली, गुरुजी." कौटिल्याने रस्त्यावर माती टाकणाराला एक अष्टमांश पण आणि पाणवठा घाण करणाराला दोन पण दंड सांगितला होता. रक्कम लहान, पण दंड द्यायचा कोणी याविषयी त्याच्या मनात घोळ नव्हता. माणूस डोळ्यांसमोर उभा असे. कंपनी कोणाच्या डोळ्यांसमोर उभी राहते?

डब्याचे काय झाले म्हणाल, तर वकिलांनी सल्ला दिला : उघडू नका, धुऊ नका, जाळू नका. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा आणि कृषी कार्यालयात लेखी कळवा. अशा मालाची सरकारमान्य विल्हेवाट लावायची सोय विदर्भात कोठे आहे, हेही त्यांनीच सांगितले. नागपूरजवळ, बुटीबोरीला. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी चष्मा पुसला.

अर्ज मी शाळेच्या सुवाच्य अक्षरात लिहिला. डब्याला चिकटवायची चिठ्ठीही लिहिली : ‘विष. उघडू नये.’ खाली मालकाचे नाव लिहिण्यासाठी एक ओळ सोडली होती. आई दारात वाती वळीत बसली होती. तिला वाचता येत नाही. तिने विचारले, "कोनाचं नाव लिवतं रे? बाबाचं नको लिवू."

मी माझे लिहिले.